बाळाची झोंप आणि औषधाची जाहिरात

औषधांचा इतिहास सांगतांना आम्ही शोधकांचीं नांवें घेतों; विक्रेत्यांचीं घेत नाहीं. वस्तुतः पाळण्यापर्यंत पोंचतो तो बहुधा विक्रेताच. अमेरिकेंतील 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हें याचें बोलकें उदाहरण होय.

१८४९ च्या सुमारास मेन राज्यांतून हें औषध बाजारांत आलें. दांत येतांना रडणाऱ्या मुलासाठीं तें सुचविलें जाई. रंगीत चित्रपत्रिका, कॅलेंडरें व पाककृतींच्या पुस्तिका यांतून प्रसन्न माता आणि तिचें गोंडस बाळ घरोघर गेलें. बाटलींत मॉर्फिन आहे, हें मात्र कोणी सांगितलें नाहीं. मूल निजे तें गुंगीमुळें. आणि कित्येक मुलें त्या झोंपेंतून उठलींच नाहींत.

त्या मातांस अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियाहि एके काळीं तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. तो नाइलाज होता. अमेरिकेंतील विक्रेत्यानें मातेचा असाच थकवा हेरला आणि औषधाच्या नांवाखालीं निवांतपणा विकला.

१९०६ च्या कायद्यानें बाटलीवर मॉर्फिनचा उल्लेख सक्तीचा केला. तरीहि विक्री चालूच राहिली. १९११ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें या औषधाची गणना बालघातकांत केली. बाटलीवरील चिठ्ठी खरें बोलली, एवढ्यानें आंतील औषध निर्धोक होत नाहीं, हें १९३७ सालीं पुन्हा दिसलें. 'एलिक्झिर सल्फानिलॅमाइड' या रासबेरीच्या चवीच्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष द्रावक म्हणून घातलेलें होतें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत अनेक मुलें होतीं. विक्रीपूर्वीं विषारीपणाची परीक्षा करण्याचें बंधन तेव्हां नव्हतें. 'एलिक्झिर' म्हणवून त्यांत मद्यार्क नाहीं, म्हणजे नांव खोटें, एवढ्याच आधारावर माल जप्त करतां आला! निर्धोकपणा आधीं सिद्ध करावा, हा १९३८ चा नियम या मृत्यूंनंतर आला.

हा इतिहास संपलेला नाहीं. २०२२ सालीं गँबियांत मुलें दगावलीं, तेव्हां भारतांत बनलेल्या सिरपांच्या नमुन्यांत जागतिक आरोग्य संघटनेस तेंच विष आढळलें.

म्हणून मातेस शहाणपण शिकविण्याआधीं आम्हीं कारखानदारास व शासनास विचारलें पाहिजे: ही बाटली दुकानांत येण्यापूर्वीं तुम्हीं काय तपासलें? रडतें मूल कडेवर घेतलेल्या आईला तें विचारण्याची सवड नसते.