पाणी मागे फिरतं तेव्हा

(बारामती येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इंदापूरकडून आलेल्या मंडळींना 'बॅकवॉटर' म्हणजे काय हे मी सांगायला नको. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागे सरकत आलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ त्यात गेलं. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी खाली जातं, देऊळ वर येतं, आपण बघायला जातो. हे मागे आलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. मी आज ज्या मागे फिरणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार आहे ते दिसत नाही, कारण ते नळाच्या आत फिरतं. इंजिनिअर लोक त्याला बॅकफ्लो म्हणतात. टाकीकडून तुमच्या घराकडे यायचं पाणी तुमच्या घराकडून उलटं मुख्य लाइनीत जातं, आणि जाताना तुमच्याकडचं जे काही असेल ते घेऊन जातं. शेजारी ते पितो.

हे कसं होतं हे कालव्याच्या गावात समजावणं फार सोपं आहे. भरावावरून पाइप टाकायचा, एक तोंड पाण्यात बुडवायचं, दुसरं खाली शेतात सोडायचं, एकदा पाणी ओढून घेतलं की मोटारीशिवाय पाणी चालू. सायफन. (हसू नका, कुणी कुणी टाकलेत ते मी विचारत नाही.) आता हेच तुमच्या गल्लीत बघा. नळाला पाणी यायची वेळ संपली, व्हॉल्व्हमननं व्हॉल्व्ह फिरवला. लाइनीत राहिलेलं पाणी उताराकडच्या घरांत निघून जातं. लाइन रिकामी होते आणि आत पोकळी धरते. त्याच वेळी वरच्या आळीत एका घरी नळाला लावलेला पाइप बादलीत बुडालेला आहे आणि नळ उघडाच राहिलाय. त्या बादलीतलं पाणी कुठं जाणार? कालव्यावरचाच सायफन, फक्त उलट्या दिशेचा. त्यात कुणी लाइनीवर थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते, आणि गटारातून गेलेल्या जोडणीला चीर असेल तर गटारच आत येतं.

आता थोडा इतिहास. आपल्याकडं पाणी पाळीनं का येतं?

नीरा डाव्या कालव्याचं मूळ १८७६-७७ च्या दुष्काळात आहे. १८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी आलं, पाठोपाठ १८९२ पर्यंत भाटघरचं पहिलं धरण उभं राहिलं. पाणी आलं तरी ते वाटायचं कसं, हा प्रश्न राहिलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: ठरलेलं क्षेत्र, ठरलेलं पीक, ठरलेलं पाणी. तेव्हापासून या मुलखाचं सगळं गणित आवर्तनावर चालतं. आवर्तन कधी सुटणार, टेलला पोचणार का, यावर इथं निवडणुका झाल्यात. शहराचं पाणीही त्यालाच बांधलेलं. कालवा सुरू असताना साठवण तलाव भरून घ्यायचा आणि कालवा बंद असताना तो पुरवत बसायचं. साठा पुरवायचा म्हणजे नळाला पाळी आलीच.

माझं म्हणणं असं आहे की आपली पाण्याची समजूत कालव्यावर घडली, आणि तीच समजूत आपण जशीच्या तशी नळाला लावली. कालवा उघडा असतो. आवर्तन संपलं की तो कोरडा पडतो, आणि कोरडा पडला म्हणजे नुसता कोरडा पडतो. आजूबाजूचं काही ओढून घेत नाही. नळ बंद असतो. तो रिकामा झाला की ओढतो. पाळी कालव्याला चालते, नळाला बाधते.

जुन्या लोकांना बंद नळातल्या हवेची चांगली जाण होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या जलवाहिनीवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले आहेत. हवा आत-बाहेर जायला केलेली धुराडी म्हणा ना. जिथं हवा मोकळी खेळते तिथं पोकळी धरत नाही. त्यांनी ते बॅकफ्लोसाठी बांधले असं मी म्हणणार नाही. कोंडलेली हवा निघावी, पाणी अडू नये, हा हेतू. पण फायदा दोन्हींचा.

नळाच्या युगातला धडा मात्र जगाला महागात पडला. १९३३ साली शिकागोत मोठं प्रदर्शन भरलं होतं, नावच 'प्रगतीचं शतक'. तिथल्या दोन शेजारशेजारच्या हॉटेलांत पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांची आत कुठंतरी गाठ पडली होती. अमिबाची हगवण पसरली. सुमारे चौदाशे लोक आजारी पडले, ९८ गेले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडत होते, त्यामुळे हे सगळे एकाच पाण्याचे आजारी आहेत हे कळायलाच वेळ गेला. आडजोडणी शोधून काढण्याचे नियम त्यानंतर अमेरिकेत कडक झाले.

आपल्या देशातली गोष्ट याहून मोठी आहे आणि तिचा शेवट पुण्यात झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९५५ च्या पावसाळ्यात दिल्लीत यमुनेला पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीनं पात्र बदललं होतं. वझिराबादला शहरासाठी पाणी उचलायची जागा होती, तिच्या खालच्या अंगाला नजफगढ नाला नदीला मिळायचा. खालच्या अंगाला, म्हणजे कागदावर सगळं सुरक्षित. पण नदीचा प्रवाह उचलण्याच्या जागेपासून दूर गेला आणि नोव्हेंबरात नाल्याचं सांडपाणी उलटं वर येऊन थेट उपशाला भिडलं. इथं पोकळी नव्हती, सायफन नव्हता, पण 'पाणी खालीच जाणार' हा भरवसा तोच होता. जलशुद्धीकरणवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा उपयोगही झाला, विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली, आणि गरोदर बायकांना तिचा फटका सगळ्यांत जास्त बसला.

ही कावीळ कुठली, हे पंचवीस वर्षं उकललं नाही. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खुर्शीद पावरी आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतले शास्त्रज्ञ, यांनी ते तपासून १९८० साली सांगितलं की ही नेहमीची ए कावीळ नाही, बी तर नाहीच. त्या विषाणूला पुढं हिपॅटायटिस ई हे नाव पडलं. क्लोरीन टाकला म्हणजे काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दिल्ली आठवावी.

आणि पाळीच्या पाण्याचं काय होतं? हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकीचे पाळीवर राहिले. दोन्हीकडं पाणी एकाच शुद्धीकरणातून येणारं. बर्कलीच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी घरच्या नळांचे नमुने घेतले, २०१३ साली ते छापून आलं. चोवीस तासवाल्या नळांत विष्ठेचे जंतू शंभरातल्या एकाहूनही कमी नमुन्यांत. पाळीवाल्यांत शंभरातल्या तीसेक नमुन्यांत. पाणी तेच. मधला नळ रिकामा होतो की भरलेला राहतो, एवढाच फरक. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय, म्हणजे हे काही फक्त मोठ्या शहरांचं काम नाही.

आता आपल्या तालुक्यांकडं येतो, कारण मला खरी काळजी इथली आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर या हिशेबानं वाडीवस्तीवर नळ पोचतोय. फार चांगली गोष्ट. पण वस्तीवरचा नळ कुठं असतो? गोठ्यापाशी, अंगणात, जिथं फवारणीचं दोनशे लिटरचं पिंप असतं तिथं. इंदापूरच्या डाळिंबाला, द्राक्षाला औषध किती लागतं हे तुम्ही जाणता. पिंपात औषध ओतायचं, नळाचा पाइप तळापर्यंत सोडायचा, म्हणजे फेस येत नाही, आणि आपण दुसऱ्या कामाला जायचं. तेवढ्यात तिकडं व्हॉल्व्ह बंद झाला तर? कीटकनाशकाला क्लोरीन काही करत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल टाकतो, ओटी टेस्ट घेतो. पंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. उद्भव बघतात, गळती बघतात, टीसीएलचा साठा बघतात. पिंपात बुडालेल्या पाइपाला कार्ड कोण देणार?

गंमत अशी की हाच शेतकरी ठिबकवर एअर व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय राहत नाही. का? मोटार बंद झाली की लॅटरल पोकळी धरते, ड्रिपर माती ओढतात, चोक होतात. खताची व्हेंचुरी असेल तर एनआरव्ही लावतो, नाहीतर खत उलटं विहिरीत जाईल. बॅकफ्लोचं सगळं शास्त्र त्याच्या शेतात बसवलेलं आहे. घरच्या नळावर ते नाही, कारण तिथं ड्रिपर चोक होत नाही, पोरं आजारी पडतात, आणि ती कशानं पडली हे कळत नाही.

उपाय विचाराल तर सगळ्यांत भरवशाचा उपाय फुकटचा आहे: हवेची फट. नळाचं किंवा पाइपाचं तोंड पाण्याला टेकता कामा नये. अमेरिकेतला नियम असा की भांड्याच्या काठापासून वर, नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर ठेवायचं. एनआरव्ही लावा, पण त्यात वाळूचा खडा अडकला की तो उघडाच राहतो. फटीत काही अडकत नाही. घरच्या हौदात येणारा नळ ओव्हरफ्लोच्या वर घ्या. मोटार लाइनीला लावू नका, हौदाला लावा. आणि पाणी आल्यावर पहिली दोन-चार मिनिटं झाडाला सोडा.

आमच्या वस्तीवर मी लहान असताना एकदा सकाळी नळाच्या पहिल्या पाण्याला औषधाचा वास आला होता. वडील म्हणाले, "हाताला लागलं असंल काल." आम्ही ते पाणी ओतून दिलं आणि विषय संपला. खालच्या वस्तीवर त्या सकाळी काय झालं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही. मागच्या वर्षी मी भावाला हे सगळं सांगितलं, तर त्यानं पिंपाच्या वर वीतभर उंचीवर एक लोखंडी कडी वेल्ड करून घेतली. पाइप आता त्या कडीतून येतो. फेस होतो, पाणी चार हात उडतं, आणि वहिनी रोज त्याच्या नावानं ओरडते.