रसायनीचं ॲसिड: कारखाना सुरू झाल्याची नोंद आहे, बंद झाल्याची कुठे आहे?

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलं की सोमाटणेनंतर रसायनी स्टेशन लागतं. एरवी गावावरून कारखान्याला नाव पडतं, इथे उलटं झालं. मोहोपाडा हे जुनं गाव. रसायनी हे नाव मात्र कारखान्यांनी आणलं. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, आपल्या बोलण्यातला एचओसी.

ही सरकारी कंपनी 12 डिसेंबर 1960 ला स्थापन झाली. रसायनीत उत्पादन सुरू झालं 1970-71 च्या सुमारास. तेव्हा रंग, औषधं, रबर यांना लागणारी मूळ रसायनं परदेशातून आणावी लागत. ती इथेच बनवायची, हा हेतू. जागा हीच का? मुंबई जवळ, साठच्या दशकात आपट्यापर्यंत आलेली रेल्वे, आणि पाताळगंगेचं पाणी. कोकणातल्या नद्या मार्चनंतर आटतात, पाताळगंगा बारमाही वाहते. कारण 1915 पासून टाटांच्या खोपोली वीजघरातून बाहेर पडणारं पाणी तिच्यात येतं.

आता ॲसिडचं बघू. एचओसी म्हटलं की ॲनिलिन आणि नायट्रोबेन्झिनचं नाव निघतं. पण या सगळ्याच्या मागे गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, होतं आणि त्याचा प्लांट आवारातच होता. बेन्झिनपासून नायट्रोबेन्झिन करायला नायट्रिक आणि सल्फ्युरिक ही दोन्ही ॲसिडं एकत्र लागतात. यात सल्फ्युरिक खर्च होत नाही, ते तयार होणारं पाणी शोषून घेतं आणि पातळ होतं. मग या वापरलेल्या ॲसिडचं काय करायचं, हा प्रश्न रोजचाच.

प्लांट चालतो कसा? गंधक जाळायचं, त्याचा वायू व्हॅनेडियमच्या कॅटलिस्टवरून न्यायचा आणि जवळजवळ शुद्ध ॲसिडमध्ये शोषून घ्यायचा. थेट पाण्यात घातला तर धुकं होतं, ते पकडता येत नाही. जुन्या पद्धतीत वायू एकदाच शोषला जाई आणि शंभरातले दोन-तीन भाग चिमणीतून बाहेर जात. पुढे दोनदा शोषण्याची पद्धत आली, तेव्हा हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. म्हणून जगभर जुने प्लांट काढून नवे बसवले गेले. गंधकही बदललं. पूर्वी ते खाणीतून यायचं, आज बहुतेक सगळं तेलशुद्धीकरणातून आणि नैसर्गिक वायू स्वच्छ करताना निघतं.

एचओसीच्या नशिबी नवा प्लांट नव्हता. 1991 नंतर आयात स्वस्त होत गेली, कंपनी तोट्यात रुतली, पगार थकले. 17 मे 2017 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: रसायनीचे सगळे प्लांट बंद, फक्त एक सोडून. तो एक म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाला हे द्रव लागतं आणि देशात ते बनवणारी ही एकच जागा होती. तो प्लांट सुमारे 20 एकर जमिनीसह इस्रोकडे द्यायचं ठरलं. 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला 618.80 कोटी रुपयांना विकायची आणि त्यातून थकलेले पगार व देणी भागवायची. बाकीच्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती. कंपनीचा कोचीचा कारखाना चालू राहिला.

ज्याचा उपयोग अवकाशात होता ते वाचलं, हे ठीकच झालं. पण बाकीच्या जागेचं काय?

ॲसिड प्लांट बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं राहतं, कारण आतून लोखंडावर एक थर बसतो. टाकी रिकामी करून त्यात पाणी मारलं, किंवा पावसाचं पाणी शिरलं, की उरलेलं ॲसिड पातळ होतं. पातळ ॲसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सोडतं. अशा टाकीला गॅस कटर लावला तर स्फोट होतो. म्हणजे सगळ्यात धोक्याचा दिवस कारखाना चालू असतानाचा नाही, तर भंगारवाला येतो तो. वापरलेला कॅटलिस्ट कायद्याने घातक कचऱ्यात मोडतो, तो साध्या भंगारात जाता कामा नये. टाक्यांखालची माती, गटारं, जवळच्या विहिरी, सगळं तपासावं लागतं. ॲनिलिन आणि नायट्रोबेन्झिन जिथे बनलं तिथे तर जास्तच, कारण ती दोन्ही विषारी आहेत.

हे फक्त रसायनीपुरतं नाही. तळोजा, पाताळगंगा, खोपोली... सत्तर-ऐंशीच्या दशकातले प्लांट एकेक करून म्हातारे होताहेत. विमानतळामुळे जमिनीला सोन्याचा भाव आलाय. उद्या तिथे गोदाम येईल, परवा इमारती येतील. बोअर मारणाऱ्या माणसाला खाली काय होतं हे कोण सांगणार? सातबारावर मालकाचं नाव बदलतं, मातीत काय मुरलंय याचा रकाना त्यावर नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कुठलाही रासायनिक कारखाना बंद झाला की चार कागद ग्रामपंचायतीत ठेवा. कुठे कुठली टाकी होती त्याचा नकाशा. काय कचरा निघाला आणि कुठे गेला त्याची नोंद. माती व पाण्याच्या तपासणीचा अहवाल. आणि पुढे किती वर्षं, कोण तपासणार त्याचं लेखी उत्तर. ग्रामपंचायतीने हे मागायला हवं, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज आपणही करू शकतो.

आणि एक काम आपलं. उद्घाटनाचे फोटो, कोनशिला, भाषणं सगळीकडे सापडतात. पण कुठला पाइप कुठून जात होता, कुठल्या खड्ड्यात काय टाकलं जायचं, हे एचओसीत उमेद घालवलेल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. घरात कुणी असेल तर त्यांना बसवा, विचारा, लिहून घ्या. पुढे त्या जागेवर कुणीही आलं, तरी ही वही त्यांच्या उपयोगी पडेल.