'स्वामी' कादंबरी नेमकी कुठल्या काळाचा पुरावा आहे?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी आजचा विषय जरा वेगळा आहे. प्रयोगशाळेतून बाहेर पडून आपण एका कादंबरीकडे जाणार आहोत. मुद्दा मात्र नेहमीचाच आहे: हातात आलेला कागद कशाचा पुरावा आहे, हे ओळखायचं कसं?

सुरुवात माझ्या गावापासून करते. शहाडहून टिटवाळा दुसरं स्टेशन, मध्ये फक्त आंबिवली. मंगळवारी सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढलात तर दुर्वा-फुलं घेतलेली माणसं भेटतात, आणि त्यांत लग्न जुळावं म्हणून नवस बोलायला निघालेले तरुणही असतात. या श्रद्धेमागे शकुंतलेची गोष्ट आहे. दुष्यंत तिला विसरला, कण्व ऋषींनी तिला गणपतीची आराधना करायला सांगितली आणि दोघं पुन्हा एकत्र आले, असं म्हणतात. याच देवळाच्या जीर्णोद्धाराशी थोरल्या माधवराव पेशव्यांचंही नाव जोडलं जातं. शकुंतलेची प्रेमकथा सगळ्या देशाला माहीत आहे. पण मराठी घरांत जुन्या काळची प्रेमकथा म्हटलं की हमखास आठवतात ते हे माधवराव आणि रमाबाई. त्याचं कारण रणजित देसाई यांची 'स्वामी'. ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मी माधवरावांपर्यंत पोचले ती प्रेमकथेमुळे नाही, आजारामुळे. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केली असल्यामुळे क्षयाचा इतिहास वाचत होते. माधवराव १७६१ साली, पानिपतानंतर, सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. वय २७. रमाबाई तिथेच सती गेल्या.

आता यातला 'क्षय' हा शब्द बघा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली, म्हणजे माधवराव गेल्यावर ११० वर्षांनी. तेव्हाच्या वैद्यांनी लक्षणं पाहून रोगाला नाव दिलं. आज आपण तेच नाव वाचतो आणि मनात जंतू धरतो. बहुधा आपलं बरोबरही असेल. पण आपण आजचं निदान मागच्या काळाला लावतोय, एवढं भान ठेवावं लागतं.

हे लक्षात आलं आणि पुढचा प्रश्न पडला. रमा-माधवाच्या 'प्रेमा'चं निदान आपण कशावरून करतो?

त्यांचं लग्न झालं १७५३ साली. माधवराव नऊ वर्षांचेही नव्हते, रमाबाई त्याहून लहान. मूलबाळ झालं नाही. शेवट थेऊरला. पक्क्या म्हणाव्यात अशा गोष्टी एवढ्याच. लढाया, तह, वसूल, काका-पुतण्याचं भांडण यांवर पेशव्यांच्या दफ्तरात भरपूर कागद आहेत. पण ती दोघं एकमेकांशी काय बोलायची, कशावरून रुसायची, हे असल्या कागदांत कशाला उतरेल? कादंबरी नेमकी तिथेच शिरते, आणि आपल्याला आठवतात ते संवाद कादंबरीतलेच असतात.

मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून 'स्वामी' पुन्हा आणली तेव्हा डोक्यात एकच होतं: खरं किती आणि खोटं किती, याचा तक्ता करायचा. तुम्हीही हेच केलं असतं. आणि माझी चूक इथेच होती.

चूक लक्षात आली ती एका जुन्या प्रस्तावनेमुळे. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची, म्हणजे मराठी कादंबरी नुकती कुठे जन्मली होती तेव्हाची. प्रस्तावनेत ते एक अडचण सांगतात. त्याचा मतलब असा: आपल्यातल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतरही कारणांमुळे रोजच्या आयुष्यात गोष्ट रंगेल असं काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं.

विचार करा. मुला-मुलींची लग्नं कळायच्या आत लागत होती. मग नायकाने नायिकेला पाहायचं कधी, आणि नकार-होकार द्यायचा कुणी? प्रेमकथेला लागणारी मोकळी जागाच घरात नव्हती. ती शोधायची तर लांब जायला हवं: एखाद्या काल्पनिक राज्यात, नाहीतर जुन्या काळात. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ ची. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिचा काळ शिवाजी महाराजांचा. त्या वाटेवर पुढे हरि नारायण आपटे आले. स्वराज्याचा अभिमान हे मोठं कारण होतंच, पण मोकळ्या जागेची ही गरजही विसरू नका.

आता गंमत बघा. रिसबुडांच्या मते ज्या चालींमुळे गोष्ट रंगत नव्हती, त्यातल्याच एका लग्नातून, बालविवाहातून, ९४ वर्षांनी मराठीतली सगळ्यात लाडकी प्रेमकथा निघाली. हे कसं जमलं?

मधल्या काळात वाचक बदलला होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, १९२९ साली शारदा कायदा. शाळा, नोकऱ्या, शहरात वेगळं बिऱ्हाड, असं सगळं हळूहळू आलं. १९६२ च्या वाचकाला बालविवाह मागे पडलेली गोष्ट वाटू शकत होती, आणि नवरा-बायकोने एकमेकांचे सोबती असावं ही अपेक्षा नवी, हवीहवीशी होती. ती अपेक्षा शनिवारवाड्यात नेऊन ठेवली की तिला वजन येतं, शिवाय कुणी आगाऊपणा म्हणत नाही.

हे मला पुस्तकांआधी आजीने सांगितलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. 'स्वामी'ची तिने पारायणं केली आहेत. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "आजी, त्यातलं बोलणं सगळं लेखकाने रचलेलं आहे." ती म्हणाली, "असू दे की. त्यात तो पेशवा असून बायकोशी बोलतो. आमच्याकडे चारचौघांत बोलायची सोय नव्हती." माझा तक्ता तिथेच बाद झाला.

म्हणून नियम असा धरा: 'स्वामी' हा १७७२ चा पुरावा म्हणून कच्चा आहे, पण १९६२ च्या मराठी घराला लग्नाकडून काय हवं होतं, याचा उत्तम पुरावा आहे. कागद तोच, फक्त विचारायचा प्रश्न बदलला.

एक गोष्ट मात्र सोपी करून सोडता येणार नाही. ती म्हणजे शेवट. रमाबाई सती गेल्या ही नोंद. का गेल्या? प्रेम, रूढी, विधवेच्या वाट्याला येणारं जिणं, वाड्यातलं राजकारण, यातलं किती काय, हे नोंद सांगत नाही. कादंबरीला मात्र एक उत्तर निवडावं लागतं, आणि प्रेमकथेत ते उत्तर प्रेमच असणार. तिथे जुना काळ जरा जास्तच मदत करतो. जे आज आपल्या गल्लीत घडलं तर आपण धावत जाऊन थांबवू, ते अडीचशे वर्षांपलीकडे डोळे पुसत वाचतो. १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला रूपकंवर सती गेली, आणि त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवणारा केंद्राचा कायदा आला. ते माहीत असलेल्या वाचकाला ही शेवटची पानं तशीच वाचता येत नाहीत, यायलाही नकोत. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "थेऊर आलं की मी पुस्तक मिटते."

तुमच्यासाठी अभ्यास: आवडती ऐतिहासिक कादंबरी घ्या. 'राऊ' घ्या, हवी ती घ्या. वहीत तीन रकाने आखा: नोंद, अनुमान, कल्पना. एका प्रकरणातली वाक्यं त्यांत वाटा. मग तिसऱ्या रकान्यावर 'खोटं' असं लिहून तो सोडून देऊ नका. त्याच्यापुढे पुस्तकाचं प्रकाशनवर्ष लिहा आणि विचारा: त्या वर्षी ही कल्पना कुणाला, कशासाठी हवी होती? तुमच्या संशोधनाचा प्रश्न बहुतेक त्याच रकान्यात सापडेल.