छोट्या पडद्यावरचा महाराष्ट्र आणि आपण

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला चित्रवाणीचा प्रारंभ झाला होता; त्यानंतरचे देशातले हे दुसरे केंद्र. या केंद्राने मराठी नाटक, साहित्य आणि संगीतासाठी काय केले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी मुसलमानाच्या नजरेने मात्र हा इतिहास फारसा तपासला गेलेला नाही. म्हणूनच आम्ही येथे त्याचा थोडक्यात मागोवा घेत आहोत.

पहिली दहा वर्षे दूरदर्शन खऱ्या अर्थाने प्रादेशिक होते. त्यामागे धोरणापेक्षा तांत्रिक कारण मोठे होते. दिल्लीचा कार्यक्रम रोज मुंबईत दाखवण्याची सोयच नव्हती. प्रक्षेपणाचे तास थोडे असत, पण ते मुंबईलाच भरून काढावे लागत. त्यामुळे निर्मात्यांना आपल्याच मुलखाकडे वळावे लागले. ‘आमची माती, आमची माणसं’मधून शेतकरी पडद्यावर आला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने प्रेक्षकांची मंडळे उभी केली. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने रंगभूमीचे कलावंत घराघरात नेले. ‘सुंदर माझं घर’ स्त्रियांशी बोलले, तर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने साहित्यिकांना वाचकांसमोर बसवले. शेती, स्वयंपाक, साहित्य आणि लोककला या साऱ्यांना एका छपराखाली आणण्याचे हे काम फार मोलाचे होते, हे कुणीही मान्य करील.

परंतु मुंबई बहुभाषिक शहर. साहजिकच प्रक्षेपणाच्या वेळेची भाषावार वाटणी झाली. काही वेळ मराठीला, काही हिंदी-गुजरातीला, थोडासा उर्दूला. व्यवस्थेच्या दृष्टीने हे सोयीचे होते आणि त्यात कुणाचा दुष्ट हेतू होता असे आम्हाला वाटत नाही. तरीही या वाटणीतून एक समीकरण नकळत रूढ झाले. मुसलमान म्हटला की उर्दू. उर्दू म्हटली की मुशायरा, कव्वाली आणि ईदच्या दिवशीचा शीरखुर्मा. मग घरात कोकणी बोलणारा रत्नागिरीचा शेतकरी, सोलापूरचा विणकर, पश्चिम महाराष्ट्रातले तांबोळी, बागवान, मुलाणी यांनी कोणत्या वेळेत बसायचे? उर्दूच्या कार्यक्रमाला ते पुरेसे उर्दू नव्हते आणि मराठीच्या कार्यक्रमात त्यांची आठवण क्वचितच होई. दोन खुर्च्यांच्या मधली जागा त्यांच्या वाट्याला आली.

वास्तविक सामग्रीची वाण नव्हती. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ मराठी संतपरंपरेत मानाने वाचला जातो. पेशवाईतल्या लावणीकारांत सगनभाऊंचे नाव पहिल्या रांगेतले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उचलतात. खाद्यसंस्कृती म्हणाल तर कोकणातले सांदण आहे, औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान खलिया आहे. त्याच शहराच्या हिमरूची वीण आहे. आणि बार्शीचे शाहीर अमर शेख! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने सभा पेटत, ते १९६९ साली गेले. मुंबई केंद्र सुरू व्हायला तेव्हा तीन वर्षे होती.

दुसरी गोष्ट प्रसाराची. १९७३ मध्ये पुण्यात सहक्षेपण सुरू झाले, पण उर्वरित महाराष्ट्राला बराच काळ वाट पाहावी लागली. १९८२ साली रंग आले आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. या प्रक्षेपकांवर आधी दिल्लीचाच कार्यक्रम दिसे. म्हणजे जिथे टीव्ही उशिरा पोहोचला, त्या गावांनी मुंबईची मराठी पाहण्याआधी दिल्लीची हिंदी पाहिली. उपग्रहावरून मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाली. पुढे तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोवर खासगी वाहिन्या दाराशी उभ्या होत्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. १५ ऑगस्ट २००६ रोजी दूरदर्शनची उर्दू वाहिनीही आली. तिचे स्वागतच आहे. पण पूर्वी एकाच वाहिनीवर असलेल्या दोन वेळा आता दोन स्वतंत्र घरांत राहू लागल्या, आणि मधली जागा अधिकच रिकामी झाली.

याचा परिणाम आम्ही वर्गात पाहतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी विषय असतो. ‘माझा आवडता सण’ या विषयावर लिहायला सांगितले की मुले उर्दूच्या वहीत ईद लिहितात आणि मराठीच्या वहीत दिवाळी. दिवाळीवर जरूर लिहावे. परंतु आपली ईद मराठीत लिहिता येते, हेच मुलांना ठाऊक नसेल तर तो दोष मुलांचा नाही. त्यांनी तसे कधी पाहिलेले नाही, ऐकलेले नाही.

अर्थात सगळे खापर पडद्यावर फोडून चालणार नाही. आपल्या कित्येक मोहल्ल्यांत टीव्हीकडे बरीच वर्षे संशयाने पाहिले गेले. चंद्रदर्शनाच्या बातमीसाठी तोच टीव्ही लावला जाई, हा भाग वेगळा! १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. लेखक एकत्र आले, पुस्तके आली, चर्चा झाल्या. पण आपला विषय घेऊन, संहिता लिहून केंद्राचे दार ठोठावणारे आपल्यातून किती निघाले? उपेक्षेची तक्रार करणाऱ्या समाजाने हा प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे.

आणखी एक नुकसान आहे, आणि ते भरून येणारे नाही. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची दूरदर्शनमध्ये रीत होती. त्यामुळे सुरुवातीच्या काळातले बरेच काही कायमचे गेले. त्यात आपले कोण होते, हे सांगायला आज पुरावा उरलेला नाही. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. संस्था बंद पडतात, फिती पुसल्या जातात. लिहून, नोंदवून ठेवलेले तेवढेच टिकते.

आज ध्वनिचित्रमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. सांदण करणारी आजी, हिमरू विणणारा कारागीर, मोहरमला मराठीत शोकगीते म्हणणारा म्हातारा यांना त्यांच्याच बोलीत बोलते करून ठेवणे आपल्या हाती आहे. शाळांनी हा उपक्रम म्हणून घ्यावा, तरुणांनी नाद म्हणून. असे साहित्य तयार असेल तर ते घेऊन ‘सह्याद्री’कडे हक्काने जाता येईल. सार्वजनिक वाहिनी सर्व जनतेच्या पैशावर चालते, त्या जनतेत आपणही आहोत. मात्र रिकाम्या हाताने मागितलेला हक्क पदरात पडत नाही, हा पन्नास वर्षांच्या या इतिहासाचा धडा आहे.