चिकित्सेचे चार पाद आणि पेठेंतील दवाखाना

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील पेठ वडगांव हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस मुख्यतः एका मृत्यूमुळें परिचित आहे. सेनापति धनाजी जाधव यांचा अंत इ. स. १७०८ मध्यें येथें झाला. पायाची जखम चिघळली आणि त्या दुखण्यांतून ते उठले नाहींत. ज्या पुरुषाची धास्ती मोंगली फौजांनीं वर्षानुवर्षें घेतली, ज्याच्या पदरीं द्रव्य व माणसें यांची वाण नव्हती, त्यासही एक जखम पुरून उरली. आपल्या इतिहासलेखनाची रीत मात्र अशी कीं, मृत्यूचें वर्ष लिहावें, समाधीचें स्थान दाखवावें, आणि शुश्रूषेची हकीकत सोडून द्यावी. रोग्याच्या उशाशीं कोण बसलें होतें, ही गोष्ट इतिहासाची नव्हेच, असा आपला समज होऊन बसला आहे. गांवोगांव नवे दवाखाने उघडण्याच्या आजच्या काळांत हा समज किती महाग पडतो, तें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नवा दवाखाना उघडणें म्हणजे काय, याचें उत्तर सामान्यतः इमारत बांधणें, पाटी लावणें आणि उद्घाटनाची शिला बसविणें असें दिलें जातें. चरकाचार्यांचें उत्तर निराळें आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत त्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक् म्हणजे वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारें माणूस, आणि स्वतः रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण होतात. उपस्थात्याच्या ठायीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हीं असावीं. रोग्यानें आपली व्यथा नीट सांगावी व सांगितलेलें पाळावें. वैद्य हा चौघांत मुख्य, हेंही चरक स्पष्ट सांगतात. तथापि या चार पादांत इमारत नाहीं. रुग्णगृह कसें असावें याचें वर्णन त्यांनीं पुढें पंधराव्या अध्यायांत केलें आहे. म्हणजे इमारतीचें महत्त्व त्यांस ठाऊक होतें, पण तिला त्यांनीं पाद मानलें नाहीं. हें मोजमाप हातीं धरून पाहिलें असतां आपल्या दवाखान्यांचा इतिहास निराळाच दिसूं लागतो.

प्राचीन काळीं राजसत्तेनें प्रथम द्रव्याची चिंता वाहिली. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यें व पशु या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा, आणि औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें त्या आणवून लावल्याचा उल्लेख आहे. अर्वाचीन काळीं भर पडली ती मुख्यतः वैद्याच्या पादांत. विल्यम वॉनलेस हे १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले व १८९४ मध्यें मिरजेस त्यांचें रुग्णालय सुरू झालें. त्याच्या तीनच वर्षें आधीं, १८९१ मध्यें, कोल्हापूर-मिरज लोहमार्ग खुला झाला होता व हातकणंगले हें त्या मार्गावरील एक स्थानक होतें. वडगांवच्या आसपासच्या रोग्यास मिरजेचा शस्त्रवैद्य आतां एका दिवसाच्या आटोक्यांत आला. हा लाभ थोर होता. परंतु त्यांत एक अट गर्भित होती: रोग्यानें वैद्याकडे जावें. ज्यास गाडीभाडें देतां येईल, ज्याची मजुरी बुडाली तरी चूल पेटेल, ज्याच्या बरोबर जाण्यास घरचें माणूस मोकळें असेल, त्यासच ती अट पाळतां येई.

उलट दिशेनें चालणारें एकच औषध त्या काळीं ठळकपणें दिसतें, तें म्हणजे देवीची लस. मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं एका तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोचण्यांत आली. पुढें देवी काढणारा कामगार खेड्याखेड्यांतून हिंडूं लागला. लोक त्यास भीत, मुलें लपवीत. तरी तो दारापर्यंत येत असे. १९७५ नंतर हिंदुस्थानांत देवीचा रोगी उद्भवला नाहीं, या यशाचें मूळ त्या पायपिटींतही आहे. एवढ्या मोठ्या रोगाचें उच्चाटन करण्यास रुग्णालयाच्या खाटा पुरेशा झाल्या नसत्या.

रोग्याकडे जाणाऱ्या या पद्धतीस शास्त्रशुद्ध रूप देण्याचा मोठा प्रयत्न भोर समितीनें केला. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले. समिति १९४३ मध्यें नेमली गेली व तिचा अहवाल १९४६ मध्यें प्रसिद्ध झाला. चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, ही तिची नजीकच्या काळापुरती सूचना सर्वश्रुत आहे. त्या केंद्राच्या नोकरवर्गाची यादी मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं. तींत डॉक्टर दोन आहेत. पण सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका चार, सुईणीचें शिक्षण घेतलेल्या स्त्रिया चार व शिकविलेल्या दाया चार आहेत. याखेरीज गांवोगांव आरोग्य समिति असावी, असेंही अहवाल सांगतो. तिसऱ्या व चौथ्या पादाचें वजन भोर समितीनें नीट ओळखलें होतें, हें यावरून उघड होतें.

२ ऑक्टोबर १९५२ रोजीं समुदाय विकास योजना सुरू झाली व तिच्या अंगानें प्राथमिक आरोग्य केंद्रें उभीं राहूं लागलीं. महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या व हीं केंद्रें त्यांच्याकडे गेलीं. आजचें प्रमाण सपाट मुलुखांत तीस हजारांस एक केंद्र व पांच हजारांस एक उपकेंद्र असें आहे. संख्या वाढली, इमारती झाल्या. पण तिसरा पाद लंगडा राहिला तर काय होतें, याचा उत्तम दाखला तत्कालीन अहमदनगर, आतां अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेड येथें मिळतो.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० मध्यें तेथें कामास आरंभ केला. आरंभींचा दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेंत भरला. अर्थात् इमारतीचा डौल तेथें नव्हता. त्यांनीं प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो प्रयोग साधला नाहीं. परक्या मुलीस खेड्यांत एकटें राहणें अवघड, आणि गांवच्या बायकांस तिच्याजवळ मन मोकळें करणें त्याहून अवघड. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडून द्यावी, असें ठरलें. या बायका बहुधा निरक्षर, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडास येत, शिकत, व शिकलेलें घरोघर पोंचवीत. त्या टापूंत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागें सुमारें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. पुढील दोन तपांत तो आंकडा तिसाच्या खालीं आला. आरोळे दांपत्यास १९७९ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्याआधीं, १९७५ मध्यें, जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत या कामाचें विवेचन आलें होतें. सप्टेंबर १९७८ च्या आल्मा-आताच्या परिषदेंत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा निघाला, त्यामागें अशाच प्रयोगांचा अनुभव होता. २००५ पासून आपल्याकडे सुमारें हजार वस्तीमागें एक याप्रमाणें नेमल्या जाणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्तीचें पूर्वरूप जामखेडच्या त्या बायकांत पाहतां येतें. ती ‘आशा’ आजही स्वयंसेविका गणली जाते, पगारी नोकर नव्हे. म्हणजे तिसऱ्या पादाची किंमत ठरविण्याचें काम अद्याप पुरतें झालेलें नाहीं.

आतां वडगांवसारख्या पेठेकडे वळूं. पेठ ही दुहेरी वस्ती असते. येथें नगरपरिषद असल्यामुळें गांवचे रहिवासी कायद्यानें नागरी ठरतात, व बाजारास येणारें भोंवतालचें गिऱ्हाईक ग्रामीण ठरतें. पेठेंत उघडलेल्या दवाखान्यापुढें बाजाराच्या दिवशीं रांग लागेल, आणि चालक त्या रांगेवरून यश मोजतील. पण बाजारास येतो तो बहुधा चालतां येणारा मनुष्य. बाळंतीण, तापानें फणफणलेलें मूल, खाटेस खिळलेला म्हातारा, एक दिवसाची मजुरी बुडवूं न शकणारी शेतमजुरीण, हीं त्या रांगेंत दिसत नाहींत. म्हणून नव्या दवाखान्याची खरी परीक्षा ‘किती आले’ या प्रश्नांत नसून ‘कोण आलें नाहीं’ या प्रश्नांत आहे. त्याचें उत्तर वैद्यास खुर्चीवर बसून मिळत नाहीं. तें घरोघर जाणाऱ्या उपस्थात्यासच, आणि आज बहुशः त्या बाईसच, ठाऊक असतें.

यावर कोणी म्हणेल कीं वैद्यच नसेल तर उपस्थाता काय करील? आक्षेप रास्त आहे. वैद्यास मुख्य म्हणणाऱ्या चरकांचा आधारही त्यास आहे. डॉक्टरवांचून चालणारें केंद्र ही फसवणूकच होय. परंतु मुख्य पाद म्हणजे एकुलता पाद नव्हे. डॉक्टर बदलून जातात. औषधाचा सांठा संपतो व पुन्हां भरतो. गांवांत कायम राहते ती शिकविलेली बाई व तिच्यावर विश्वास ठेवणारें गांव. उद्घाटनाच्या दिवशीं हे दोन पाद जागेवर नसतील, तर दवाखाना उघडला असें म्हणतां येत नाहीं. फक्त दार उघडलें, एवढेंच.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. राजांचीं दप्तरें आपण कसरीपासून वांचविलीं; आतां दवाखान्यांचीं दप्तरें वांचविलीं पाहिजेत. देवी काढल्याच्या याद्या, सुईणींच्या नोंदी, केंद्राच्या पहिल्या वर्षाचें रुग्णपत्रक, आशाबाईंच्या वह्या, हे कागद रद्दींत जातात आणि उद्घाटनाची शिला मात्र टिकते. रोग्यांचीं नांवें झांकून ठेवून या कागदांचें जतन करतां येईल. पुढील शतकांतील अभ्यासकास त्या शिलेवरून कोणी फीत कापली एवढेंच कळेल. रोग्याच्या उशाशीं कोण बसलें, हें त्यास त्या वह्यांतूनच वाचावें लागेल.