रेड बॉल एक्स्प्रेस : अडीच टनांच्या ट्रकवर पाच टन

ऑगस्ट १९४४. नॉर्मंडीची कोंडी फोडून अमेरिकी सैन्य फ्रान्समधून पूर्वेकडे इतक्या वेगाने धावले की त्याचे पेट्रोल आणि दारूगोळा शेकडो किलोमीटर मागे, समुद्रकिनाऱ्यावर आणि शेरबूर बंदरात पडून राहिले. रेल्वेचा उपयोग नव्हता. आक्रमणापूर्वी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीच तिचे पूल आणि यार्ड उद्ध्वस्त केले होते. उरले ट्रक. २५ ऑगस्टला सुरू झालेल्या या ट्रकमोहिमेचे नाव ‘रेड बॉल एक्स्प्रेस’. तिचे सुमारे तीन चतुर्थांश चालक आफ्रिकी-अमेरिकी होते आणि त्यांच्या तुकड्या वर्णभेदाच्या नियमाने वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

या मोहिमेच्या शौर्यकथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यामागचा एक रुक्ष प्रश्न मात्र सहसा मागे पडतो: एका ट्रकवर माल किती घालायचा?

मोहिमेचा मुख्य ट्रक जीएमसी कंपनीचा ‘सीसीकेडब्ल्यू’. सैनिकांच्या तोंडी ‘जिमी’. तीन अ‍ॅक्सल, दहा टायर: पुढे दोन, मागच्या दोन अ‍ॅक्सलवर जोडीजोडीने आठ. ठरलेली भारक्षमता अडीच टन. हा अमेरिकी टन, म्हणजे एकूण सुमारे २,२७० किलो. हा आकडा खडबडीत, बिनरस्त्याच्या प्रदेशासाठी धरलेला होता. पक्क्या सडकेवर ट्रक त्याहून अधिक ओझे पेलेल, हा सैन्याचा हिशेब होता आणि तो निराधार नव्हता. म्हणून बहुतेक मालवाहू ट्रकांवर शंभर टक्क्यांपर्यंत जादा भार घालण्यास अधिकृत परवानगी मिळाली. अडीचचे पाच टन झाले.

आता हा भार टायरांवर कसा उतरतो ते पाहावे. रिकामा ट्रक सुमारे ४,५०० किलोंचा. ढोबळ अंदाजासाठी त्यातले निम्मे वजन मागच्या अ‍ॅक्सलवर आणि हौद्यातला माल जवळजवळ सगळाच मागे, असे धरू. अडीच टन मालावर मागच्या प्रत्येक टायरच्या वाट्याला साधारण ५६५ किलो येतात. पाच टनांवर साधारण ८५०. माल दुप्पट झाला, टायरवरचे ओझे दीडपट. कागदावर हे फारसे भयंकर दिसत नाही. पण जोडीतला एक टायर पंक्चर झाला किंवा त्यातली हवा उतरली, की शेजारच्यावर दोघांचा भार पडतो: १,७०० किलो. म्हणूनच सर्व टायरांच्या क्षमतांची नुसती बेरीज करून ट्रकची भारक्षमता ठरत नाही. सगळ्यांत कमकुवत टायर, पाटा वा अ‍ॅक्सल जेवढे सोसेल तेवढीच ती असते.

शिवाय डोळे फसवतात. तोफगोळ्यांच्या पेट्यांनी हौदा अर्धाही भरला नसताना वजनाची मर्यादा संपलेली असते. रिकामी जागा दिसली की आणखी चार पेट्या चढतात.

ओझ्याने टायर केवळ झिजत नाही, तो तापतो. भार वाढला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने आत उष्णता साठते, आणि शेवटी आतले थर एकमेकांपासून सुटतात. वेग या उष्णतेत भर घालतो. रेड बॉलच्या मार्गावर वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर होती. ती पाळली गेली नाही. अनेक चालकांनी इंजिनावरचे वेगनियंत्रक काढून टाकले होते. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण पुढे खोळंबलेल्या रणगाड्यांसाठी घाई करण्याचा दबाव वरूनच येत होता.

त्यात रबराची अडचण. १९४२च्या आरंभी मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेच्या नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा तुटला. कृत्रिम रबराचे कारखाने विलक्षण वेगाने उभे राहिले खरे, परंतु ते रबर वाकताना नैसर्गिक रबरापेक्षा अधिक तापत असे. मोटारीच्या लहान टायरात ते खपून जाई. ट्रकच्या जाड टायरात तोच दोष घातक ठरे. म्हणजे ज्या काळात टायर सर्वांत नाजूक, त्याच काळात त्यांच्यावर सर्वाधिक भार. वाटेवर पडलेले बॉम्बगोळ्यांचे तुकडे आणि सैनिकांनीच फेकलेले शिधाडबे टायर चिरत होते, ते वेगळेच.

२९ ऑगस्टला ५,९५८ वाहनांनी १२,३४२ टन माल हलवला. हाच आकडा सर्वत्र उद्धृत होतो. एकूण मोहिमेत मात्र ४,१२,१९३ टन वाहून नेले गेले, म्हणजे दिवसाची सरासरी पाच हजारांच्या आसपास. उच्चांक टिकणारा नव्हताच.

टायरांचा हिशेब अधिक बोलका आहे. मोहिमेपूर्वी बदलाव्या लागणाऱ्या टायरांची मासिक सरासरी २९,१४२ होती. सप्टेंबर १९४४ मध्ये ती संख्या ५५,०५९ झाली. ट्रक उभे राहू लागले ते इंजिने बिघडल्यामुळेच नव्हे. चढवायला टायर नव्हते.

तरीही परवानगी देणाऱ्यांना सरसकट मूर्ख म्हणता येत नाही. पॅटन आणि हॉजेस यांच्या सैन्यांना काही आठवडे तरी त्याच पाच टनांनी पुढे नेले. चूक झाली ती तात्पुरत्या सवलतीला नेहमीची क्षमता मानण्यात, आणि देखभालीसाठी ट्रक थांबवायला वेळच न ठेवण्यात. १६ नोव्हेंबरला रेड बॉल बंद झाली. ४ सप्टेंबरलाच हाती आलेल्या अँटवर्प बंदरात मालवाहू जहाजांचा पहिला ताफा लागला तो २८ नोव्हेंबरला.