वजन, मीझान आणि रासायनिक समीकरण

उर्दूत संतुलित समीकरणाला 'मुतवाझिन मसावात' म्हणतात. हे शब्द मुलांना जड वाटतात. पण 'मुतवाझिन', तराजू या अर्थाचा 'मीझान' आणि मराठीत आपण रोज वापरतो तो 'वजन', हे तिन्ही एकाच अरबी धातूतून आलेले आहेत. समीकरण म्हणजे दोन पारड्यांचा तराजू, ही गोष्ट शब्दातच सांगितलेली आहे.

'मीझान' रसायनात जुना आहे. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरील ग्रंथांत 'मीझान'ची स्वतंत्र पुस्तके आहेत. मात्र तिथला तोल उष्ण, थंड, कोरडे आणि ओले या गुणांचा होता. अभिक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे वजन जुळवण्याचा तो हिशोब नव्हता.

तो हिशोब फ्रान्समध्ये अंत्वान लव्हाझिए यांनी काटेकोरपणे मांडला. त्यांनी बंद हवेत पारा 12 दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भुकटी जमली आणि हवा कमी झाली. हा झाला संयोग. मग 45 ग्रेन लाल भुकटी जास्त तापवली. त्यातून साडेएक्केचाळीस ग्रेन पारा परत मिळाला. उरलेले सुमारे साडेतीन ग्रेन वजन बाहेर पडलेल्या वायूचे, म्हणजे ऑक्सिजनचे होते. हे झाले अपघटन. जमाखर्च जुळला. 1789 च्या ग्रंथात त्यांनी द्राक्षरसाच्या किण्वनाचे समीकरणही मांडले. पोटापाण्यासाठी ते सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होते. त्याच कारणाने 8 मे 1794 रोजी क्रांतीच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला.

वजन जुळले, तरी अणू मोजायचे कसे? 1808 मध्ये डाल्टन यांनी पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू धरला. गे-ल्युसॅक यांच्या मोजणीत मात्र हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप लागत होते. 1811 मध्ये अव्होगाद्रो यांनी सांगितले की तापमान आणि दाब सारखे असतील, तर वायूंच्या सारख्या मापात रेणूही सारखेच असतात. म्हणजे पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोन. पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1860 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे कानिझ्झारो यांनी हा मुद्दा पुन्हा मांडला, तेव्हा कुठे गोंधळ निवळू लागला.

हा इतिहास वर्गात सांगायला हवा, कारण मुले नेमकी इथेच अडखळतात. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच दिसला, की ती 'एचटूओ'मध्ये ओच्या खाली दोन लिहून मोकळी होतात. बेरीज जुळते, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखम धुण्याचे ते औषध पाणी म्हणून पिता येत नाही. खालचा छोटा आकडा पदार्थाची ओळख आहे आणि तो ठरायला अर्धे शतक लागले. आपल्या हातात फक्त सूत्राच्या आधीचा आकडा असतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू घेतला, की पाण्याचे दोन रेणू होतात. दोन्ही बाजूंना हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचे दोन अणू. नियम पाठ करून घेण्याआधी मुलांना हे एकदा स्वतः मोजू द्यावे.